मित्रांसोबत दोन दिवसांची शहरातली ट्रिप कशी आखावी

ग्रुपवर 'कधी जायचं?' असं विचारलं की ट्रिप तिथेच बारगळते. त्यापेक्षा दोन तारखा द्या, पोल लावा, 48 तासांची मुदत ठेवा. 'बघू, सांगतो' म्हणजे नाही, असंच धरून चला. चौघं असाल तर उत्तम: एका टॅक्सीत मावता, दोन खोल्या पुरतात. पाचवा आला की दुसरी गाडी आली आणि एकमेकांची वाट बघणंही.

स्वस्त पडते म्हणून शहराबाहेरची खोली घेऊ नका. वाचलेले पैसे रात्री परतताना टॅक्सीत जातात. मेट्रो किंवा स्टेशन चालत 10 मिनिटांत हवं. चेक-इन बहुधा दुपारी असतं. सकाळी पोहोचणार असाल तर सामान ठेवू देतील का, हे बुकिंगआधीच फोन करून विचारा, नाहीतर अर्धा शनिवार पाठीवर सॅक घेऊन फिराल.

दिवसाला वेळ ठरलेल्या दोनच गोष्टी ठेवा, त्याही एकाच भागातल्या. निघण्यापूर्वी सगळ्यांकडून सारखी रक्कम एकाकडे जमा करा. संपली की पुन्हा काढा. दारू न पिणाऱ्याला मात्र त्या बिलात ओढू नका, कुरबुरी तिथूनच सुरू होतात. परतीचं तिकीट रविवारी संध्याकाळचंच काढा.