वणव्यापासून घर, गोठा आणि मांगर यांचे संरक्षण : कोकणातील शेतकऱ्यांसाठी पूर्वतयारी

भाताची झोडणी उरकल्यानंतर कोकणातील सडे (खडकाळ पठारे) आणि डोंगरउतार सुकू लागतात, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत वणव्याचा धोका राहतो. आंबा-काजूच्या बागेभोवती अनेक शेतकरी जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढतात. मात्र त्याच बागेतील मांगर (शेतातील खोपटे), पंपघर आणि गोठा यांच्याकडे लक्ष जात नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बरेचसे रान खासगी मालकीचे असल्यामुळे तेथे वन विभागाच्या जाळरेषेवर विसंबून राहता येत नाही. त्यामुळे इमारतींची तयारी मालकाने स्वतः, शक्यतो जानेवारी संपण्यापूर्वी पूर्ण करावी.

वणव्यात पुष्कळ इमारती ज्वाळा पोहोचण्याआधीच ठिणग्यांनी पेटतात. वाऱ्याबरोबर उडालेला जळका पाला आगीच्या बराच पुढे जाऊन पडतो आणि त्याला सुके काही मिळाले की तेथे नवी आग लागते. कौलांच्या खाचांत आणि पन्हळीत साचलेला आंब्या-फणसाचा पाला, फुटक्या कौलाखालची फट, पत्र्याच्या नागमोडी कडेखालची पोकळी, पोटमाळ्यावरचा पेंढा आणि वाशांना धरलेली जळमटे या नेमक्या त्या जागा होत. छप्पर एकदा झाडून थांबू नये, कारण पानगळ सुरूच असते. पहिला पाऊस पडेपर्यंत दर पंधरवड्याला पाला काढावा. फुटकी कौले बदलावीत, पत्र्याखालच्या पोकळ्या मातीच्या गिलाव्याने बुजवाव्यात आणि झरोक्यांना बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. नायलॉनची जाळी उष्णतेने वितळते, म्हणून ती येथे उपयोगाची नाही.

सर्वांत मोठा धोका पेंढ्याच्या उडवीचा, म्हणजे रचलेल्या गंजीचा आहे. वैरण काढायला सोपी जावी म्हणून उडवी गोठ्याला लागूनच रचली जाते, आणि ती पेटली की गोठा वाचवणे जवळजवळ अशक्य होते. उडवी गोठ्यापासून किमान 50 फूट दूर, शक्यतो नांगरलेल्या किंवा चोख साफ केलेल्या शेतात असावी. पेंढा जास्त असल्यास एकाच मोठ्या उडवीऐवजी अंतर ठेवून दोन रचाव्यात. गोठ्यात दोन-तीन दिवसांपुरतीच वैरण ठेवावी. रोज चालावे लागते ही अडचण खरी आहे, पण गोठ्यात बांधलेल्या जनावरांचा विचार करता तेवढा त्रास सोसणे भाग आहे.

भिंतीलगतची 5 फूट जागा पूर्णपणे मोकळी ठेवावी. तेथे सरपण, शेणी, झावळ्या, रिकामे क्रेट किंवा ठिबकच्या नळ्या ठेवू नयेत. त्यापुढे 30 फुटांपर्यंत गवत जमिनीलगत कापून उचलून न्यावे आणि झाडांच्या खालच्या सुक्या फांद्या छाटाव्यात. आग चढावर अधिक वेगाने धावते, म्हणून उताराच्या खालच्या बाजूस ही पट्टी जास्त रुंद हवी. चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) बुटक्या गवताची आग अडवतो, पण त्याला टेकून वाढलेले करवंदीचे सुके जाळे काढले नाही तर आग गडगा ओलांडते.

वणव्याच्या वेळी वीज जाण्याची शक्यता असते, त्यामुळे विजेच्या पंपावर विसंबू नये. टाकी भरलेली ठेवावी, फवारणीचा पाठीवरचा पंप औषधाचा अंश न ठेवता धुऊन पाण्याने भरून ठेवावा, आणि पेट्रोल-डिझेलचे डबे इमारतीबाहेर सुरक्षित अंतरावर हलवावेत. जनावरांची दावी एका ओढीत सुटतील अशा गाठीने बांधावीत आणि दाराजवळ कोयता टांगलेला असावा.

तरव्याच्या भाजावळीतून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजताना, निसटलेली आग हेही वणव्याचे एक कारण आहे. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा जोर धरतो आणि रात्री मतलई वारा उलट दिशेने वाहतो. त्यामुळे सकाळी वारा पडलेला असताना, शेजाऱ्यांना कळवून, पुरेशी माणसे आणि पाणी हाताशी ठेवूनच भाजावळ करावी. राखीव वनात आग लावणे किंवा तेथे आग पसरू देणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे.

मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची बंद घरे हा वाडीचा दुबळा भाग ठरतो, कारण पाल्याने भरलेले एक छप्पर पेटले तर ठिणग्या शेजारच्या घरांवर येतात. मालकांनी आपले अंगण आणि छप्पर साफ करण्याची मजुरी वेळेवर पाठवावी आणि किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी.

आग दिसताच 112 किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. वृद्ध माणसे, मुले आणि जनावरे आधी हलवावीत. वाट धुराने भरण्यापूर्वी निघणे आवश्यक आहे, आणि उताराच्या वरच्या बाजूला पळू नये. आग पुढे सरकल्यानंतरही ओंडक्यांत आणि शेणाच्या ढिगांत निखारे धुमसत राहतात, म्हणून पुढचे किमान 24 तास छप्पर, पोटमाळा आणि उडवी पुन्हापुन्हा तपासावी.

नुकसान झाल्यास पंचनाम्यापूर्वी जळलेला राडारोडा हलवू नये. छायाचित्रे काढून तलाठ्यांना लगेच कळवावे. हवामान आधारित फळपीक विमा आगीच्या नुकसानीसाठी नाही. घरासाठी आगीचा स्वतंत्र विमा घेता येतो. तो घेताना वणव्याचा धोका तसेच गोठा आणि मांगर त्यात धरले आहेत की नाहीत, हे लेखी विचारून घ्यावे.