जुन्या वाड्यात नवा दिवा लावताना

नाशिकच्या भद्रकालीतल्या आमच्या वाड्यात माडीवर नवा दिवा लावायला मी स्टुलावर चढलो. बटण बंद होतं. तरी जुन्या होल्डरच्या वायरला टेस्टर टेकवला आणि तो पेटला! कधीकाळी कुणीतरी बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) घेतलं होतं. अशा जागी दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत २३० व्होल्ट तसेच येऊन थांबलेले असतात. बटणात इंडिकेटर नसताना एलईडी रात्री मिणमिणत राहिला, तर आधी हाच संशय घ्या.

म्हणून मेन स्विच पाडा. किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, हाताने ओढून काढायचा) असेल तर काढून खिशात ठेवा, नाहीतर खालून कुणीतरी 'लाइट गेली वाटतं' म्हणत परत बसवेल. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पडला की तो आपसूक सुरू होतो, हे हमखास विसरलं जातं. टेस्टर मेन पाडण्याआधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्या, मग दोन्ही वायरींना लावा.

जुनं फिटिंग सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा नियम खरा, पण लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये दोन्ही वायरी काळ्याच निघतात.

आता वायरचं टोक हलकेच वाकवून बघा. सुती वेष्टणातलं रबर बिस्किटासारखं चुरलं तर काम तिथेच थांबवा. चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. परवानाधारक वायरमनकडून १.५ चौरस मिमी तांब्याची नवी वायर ओढून घ्या. आतली तार चंदेरी, म्हणजे ॲल्युमिनियमची वाटली तरी त्यालाच बोलवा. तिला तांब्याची तार नुसती पिळून जोडली की जॉइंट हळूहळू सैल होतो, तापतो, आणि वर सगळं सागवान.

वजनदार दिव्याचा हूक तुळईत घ्या, छताच्या फळीत नको. वायरवर वजन अजिबात येता कामा नये.

धातूच्या दिव्याला अर्थिंग हवंच. छतात तिसरी वायर नसेल तर सरळ प्लास्टिक बॉडीचा दिवा आणा. पितळी झुंबराचा मोह मलाही होता. मेनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, पण ती असली तरी अर्थिंग लागतंच.

बटणातून येणारी फेज आणि थेट न्यूट्रल कनेक्टरमध्ये घट्ट आवळा. प्रत्येक वायर हलकी ओढून बघा. मगच खिशातला फ्यूज काढा.