उन्हाच्या इशाऱ्यासाठी आकडा कुठला धरायचा? नाशिकमध्ये या चुका टाळा

एप्रिल लागला की ग्रुपवर स्क्रीनशॉट सुरू होतात. एकाच्या मोबाईलवर नाशिक ३९, दुसऱ्याच्या ४१, तिसऱ्याचं अ‍ॅप म्हणतं 'फील्स लाइक' ३७, आणि कोणीतरी गाडीच्या डॅशबोर्डचा ४५ वाला फोटो टाकतो जी गाडी दोन तास उन्हात उभी होती. घरात एवढ्यावरून वाद झाला तर काही बिघडत नाही, पण ज्यांना या आकड्यावरून काहीतरी ठरवायचं असतं, म्हणजे मनपाच्या आरोग्य विभागातले लोक, साइटवरचा सेफ्टीवाला, यात्रेची कमिटी, शाळेचे हेडसर, त्यांनी चुकीचा आकडा धरला तर इशारा एकतर येतच नाही नाहीतर रोज येतो. दोन्हीचा परिणाम सारखाच, लोक दुपारी एकला डांबरावर असतात.

मुंबईचं माप नाशिकला लावणं

ही सगळ्यात कॉमन चूक. हीट इंडेक्स म्हणजे तापमान आणि आर्द्रता मिळून किती गरम 'वाटतं' त्याचा आकडा, १९७९ साली स्टेडमन नावाच्या शास्त्रज्ञाने केलेल्या कामावरून अमेरिकेच्या हवामान खात्याने पुढे त्याचं सूत्र बसवलं. मुंबईसारख्या दमट हवेत ते छान चालतं. आपल्याकडे एप्रिल-मे कसा असतो ते तुम्हाला माहितीच आहे, दोरीवरचे कपडे तासाभरात कडक. आता ४१ अंश आणि दुपारची आर्द्रता १५ टक्के त्या सूत्रात टाका, उत्तर येतं ३९ च्या आसपास. म्हणजे थर्मामीटरपेक्षा कमी! आणि मग कोणीतरी म्हणतं, अहो वाटतंय तर फक्त ३९, कशाला घाबरवता लोकांना.

पुढची गंमत बघा. जूनच्या सुरुवातीला ढग येतात, पारा ३४ वर उतरतो, आर्द्रता ५० टक्क्यांवर जाते, तेव्हा हीट इंडेक्स येतो साडेअडतीसच्या आसपास. म्हणजे सूत्राच्या हिशोबाने एप्रिलचा ४१ वाला आणि जूनचा ३४ वाला दिवस जवळपास सारखेच. चिकचिकीच्या बाबतीत असतीलही, पण शरीरावर जे होतं ते वेगळं आहे. हवा ४१ ची असते तेव्हा ती आपल्या कातडीपेक्षा गरम असते, कातडी साधारण ३५ ला असते, त्यामुळे वारा आला तरी तो उष्णता काढून नेत नाही उलट देतो, आणि सुटका फक्त घामाने. कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधीच वाळतो त्यामुळे माणसाला कळतच नाही की अंगातलं पाणी चाललंय. म्हाताऱ्या माणसांना घामच कमी येतो, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अजून पंचाईत. म्हणून आपल्या कोरड्या महिन्यांत जनतेच्या इशाऱ्यासाठी साधं कमाल तापमान हेच मुख्य धरा आणि हीट इंडेक्स जून आणि ऑक्टोबर हीटसाठी ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणातल्यांनी नेमकं उलटं करावं.

अजून एक, हीट इंडेक्स सावलीतला असतो, हलका वारा धरून काढलेला. थेट उन्हात तो ८ अंशांपर्यंत वाढू शकतो असं अमेरिकेचं हवामान खातंच सांगतं. शेतात कांदा काढणाऱ्या बाईला तो सावलीचा आकडा काय कामाचा.

सकाळची आर्द्रता आणि दुपारचं तापमान एकत्र करणं

ही चूक एक्सेलमध्ये होते आणि पकडली जात नाही. हवामान केंद्राची नोंद सकाळी साडेआठची असते तशी संध्याकाळी साडेपाचचीही असते, पण शीटमध्ये एकच आर्द्रतेचा कॉलम असतो आणि त्यात बहुतेक वेळा सकाळचा आकडा बसलेला असतो, मग कोणीतरी दिवसाचं कमाल तापमान घेतं आणि दोन्ही सूत्रात घालतं. हवेतली वाफ तेवढीच राहिली तरी हवा तापली की टक्केवारी घसरते. २२ अंशाला ४५ टक्के असेल तर तीच हवा ४१ ला गेल्यावर साधारण १५ टक्के होते. आता ४१ सोबत १५ च्या जागी ४५ टाका, हीट इंडेक्स ३९ वरून थेट ५४! हा आकडा एकदा का बातमीत गेला की झालं. नाशिकमध्ये पन्नाशीच्या पुढचा हीट इंडेक्स दिसला की आधी आर्द्रता कितीची आहे ते विचारा, तासागणिक डेटा नसेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा) घ्या कारण तो दिवसभरात टक्केवारीसारखा उड्या मारत नाही.

'वेट बल्ब ३५' ची वाट बघणं

रीलवाल्यांचा आवडता विषय. वेट बल्ब म्हणजे थर्मामीटरच्या बल्बला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं तापमान, तो पारा ३५ ला गेला की निरोगी माणूससुद्धा काही तासांत जाऊ शकतो, ही मर्यादा २०१० च्या एका शोधनिबंधातून गाजली, आणि पुढे अमेरिकेत तरुण लोकांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या तेव्हा शरीर त्याच्या बरंच आधी, ३१ च्या आसपास किंवा त्याहून खालीच, हात टेकतं असं दिसलं, कोरड्या हवेत तर अजून खाली. आपल्या ४१ आणि १५ टक्केवाल्या दुपारी वेट बल्ब किती असतो? २१-२२. म्हणजे ३५ वर अलार्म लावला तर नाशिकमध्ये तो कधी वाजणारच नाही, दवाखान्यात उष्माघाताची खाट भरलेली असेल तरी. ही जगण्याची शेवटची हद्द आहे, इशाऱ्याची पातळी नाही.

डब्ल्यूबीजीटी: चांगलं माप, पण चुकीच्या माणसाच्या हातात

डब्ल्यूबीजीटी म्हणजे वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, कष्टाचं काम उन्हात करणाऱ्यांसाठी आजही मला हेच माप सगळ्यात बरं वाटतं. १९५० च्या दशकात अमेरिकन सैन्यात रिक्रूट कवायतीत कोसळायचे म्हणून ते तयार झालं. बाहेरचं सूत्र सोपं आहे, उघड्यावरच्या ओल्या बल्बचे ७० टक्के, काळ्या गोळ्याच्या (उन्हाची धग मोजायला आत थर्मामीटर बसवलेला पोकळ गोळा) तापमानाचे २० टक्के, हवेच्या तापमानाचे १० टक्के. समजा ओला बल्ब २४, काळा गोळा ५४ आणि हवा ४१, तर १६.८ अधिक १०.८ अधिक ४.१, झाले ३१.७. मध्यम मेहनतीच्या कामाला, उन्हाची सवय झालेल्या माणसासाठी आयएसओ ७२४३ या उष्णतेतल्या कामाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा संदर्भ आकडा २८ आहे, सवय नसेल तर २६. म्हणजे ३१.७ ला विश्रांतीशिवाय सलग काम अजिबात नाही. कुंभमेळ्याच्या कामांना सध्या घाई आहे, पण घाट बांधणारा माणूस तोच राहतो.

आता हाच ३१.७ ग्रुपवर टाका. 'आज ३१ च आहे? मग मस्तच की, फिरायला जाऊ.' लोकांच्या डोक्यात ३१ म्हणजे पावसाळा. त्यामुळे हा आकडा मुकादम, सेफ्टी ऑफिसर, यात्रेचं मेडिकल पथक यांच्यापुरताच ठेवा, आणि लोकांना रंग आणि कृती सांगा.

मोजतानाचे घोळ तर विचारू नका. ओल्या बल्बची वात (म्हणजे ते गुंडाळलेलं फडकं) बोअरच्या पाण्यात बुडवली की आठवडाभरात तिच्यावर पांढरा क्षार धरतो, वात कडक होते, पाणी वर चढत नाही आणि बल्ब अर्धा सुका राहून आकडा जास्त दाखवतो. बोटाने दाबून बघा, करकरीत लागली तर बदला आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा, बॅटरीचं मिळतं ते चालतं. काळा गोळा १५ सेंटीमीटरचा असतो, टेबल टेनिसच्या बॉलला काळा रंग मारून जुगाड केला तर वाऱ्यात तो लवकर थंड होतो आणि आकडा कमी येतो, त्याला वेगळी दुरुस्ती लावावी लागते. आणि मीटर पत्र्यावर किंवा एसीच्या आउटडोअरशेजारी ठेवू नका, हे सांगावं लागतं हीच कमाल आहे.

काहीजण सोपं सूत्र वापरतात ज्यात फक्त तापमान आणि आर्द्रता लागते. ते कडक ऊन आणि मंद वारा गृहीत धरून बनवलेलं आहे, त्यामुळे रात्री आणि ढगाळ दिवशी ते उगाच जास्त दाखवतं. दुपारपुरतं ठीक.

'लाट जाहीर झाली नाही' म्हणून गप्प बसणं

उष्णतेच्या लाटेचा आयएमडीचा, म्हणजे भारतीय हवामान खात्याचा, निकष असा की मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवं, किंवा मग सरळ ४५ गाठायला हवं, किनाऱ्यावर ३७ ची अट आणि डोंगराळ भागात ३० ची. त्यातही हवामान खात्याच्या एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस, आणि घोषणा दुसऱ्या दिवशी. नाशिक शहराची एप्रिलची सरासरी कमाल सदतीस-अडतीसच्या घरात, म्हणजे हिशोबाने ४२ च्या पुढे गेल्याशिवाय लाट नाही. ४१ ला माणूस चक्कर येऊन पडला तर तो 'लाटेत' पडलेला नसतो एवढंच! हा निकष हवामानाचा आहे, तुमच्या वॉर्डाचा नाही.

याची उलट चूक म्हणजे अहमदाबादचे आकडे जसेच्या तसे उचलणं. २०१० च्या मे महिन्यात तिथे भयंकर उन्हाळा झाला, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी हीट अ‍ॅक्शन प्लॅन आणला आणि इशाऱ्याच्या ४१ ला यलो, ४३ ला ऑरेंज, ४५ ला रेड अशा पायऱ्या ठेवल्या. त्या त्यांच्या मृत्यूंच्या नोंदी बघून ठरवलेल्या होत्या. नाशिकमध्ये ४५ ला रेड ठेवलं तर रेड कधी येणारच नाही. आणि एकच जिल्हा म्हणून एकच आकडा हेही चालत नाही, मालेगाव आणि इगतपुरी एका जिल्ह्यात आहेत म्हणून त्यांचा उन्हाळा एक होत नाही. मालेगावात ४१ ला लोक चहा पितात, इगतपुरीत ३८ लाच जीव कासावीस.

चैत्रोत्सवाचं उदाहरण घ्या. खानदेशातून सप्तशृंगी गडाला पायी येणारे लोक दिवसेंदिवस चालतात, कितीतरी अनवाणी, आणि नांदुरीला पोचल्यावर चढ लागतो. गडावरचं तापमान बघून कमिटीने 'सगळं ठीक' म्हणायचं? त्रास होतो तो खाली, मालेगाव-कळवणच्या रस्त्यावर. तिथला दुपारचा डब्ल्यूबीजीटी मोजा आणि चालणं पहाटे आणि संध्याकाळनंतर ठेवा.

रात्र विसरणं, मार्च विसरणं

अंबड-सातपूरच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत रात्री बाराला आत काय असतं ते केंद्राच्या किमान तापमानात दिसत नाही. रात्री शरीर थंड झालं नाही की दुसरा दिवस मागच्याच थकव्यावर चढतो, त्यामुळे किमान तापमान आणि सलग किती दिवस झाले हे दोन्ही इशाऱ्यात हवेत. ऑस्ट्रेलियात एक्सेस हीट फॅक्टर नावाचं माप वापरतात, त्यात तीन दिवसांची दिवस-रात्र सरासरी तिथल्या नेहमीच्या उन्हाशी आणि मागच्या ३० दिवसांशी ताडून बघतात. कल्पना चांगली आहे कारण मार्चचा पहिला ३८ हा मे महिन्यातल्या ३८ पेक्षा जास्त बाधतो, अंगाला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पेठ-सुरगाण्याहून नवीन आलेल्या मजुराला पहिल्या दिवशीच फुल शिफ्ट देऊ नका.

मग आकडा बरोबर आहे हे कळणार कसं?

अमेरिकेतल्या १०७ शहरांच्या मृत्यूंच्या नोंदींवर एक अभ्यास झाला होता, २०१० चा, त्यात सगळीकडे सगळ्या वयांना सरस ठरणारं एकही माप सापडलं नाही. त्यामुळे महिनाभर सूत्रांवर भांडण्यापेक्षा मागच्या पाच-सात उन्हाळ्यांचं रोजचं तापमान घ्या, शेजारी महापालिकेच्या मृत्यूनोंदी आणि १०८ चे कॉल लावा, आणि कुठल्या आकड्यापासून ते वर जातात ते बघा, त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवससुद्धा. फक्त 'उष्माघात' लिहिलेले मृत्यू मोजू नका, उन्हाने गेलेल्याच्या दाखल्यावर बरेचदा हार्ट अटॅक लिहिलेलं असतं.

मग तुमची पातळी जुन्या डेटावर चालवून बघा. उन्हाळ्यात चाळीस दिवस ऑरेंज येत असेल तर पातळी खाली आहे, चौथ्या दिवसापासून कोणी मेसेज उघडत नाही. तीन वर्षांत एकदाही रेड आला नाही आणि मृत्यूनोंदी मात्र वर गेल्यात, तर पातळी वर आहे किंवा मापच चुकलंय. आणि मेसेज लिहिताना पंख्याचं जपून लिहा. खोली चाळिशीच्या पुढे तापलेली असताना नुसता पंखा गरम हवाच फेकतो. ओला पंचा अंगावर घ्या आणि मग पंखा लावा, असं स्पष्ट लिहा, 'हवेशीर ठिकाणी थांबा' असं मोघम नको.