थंडीत देवळं दाखवायची तर: नाशिक-सिन्नरचा एक दिवस

माझी कॉलेजातली मैत्रीण मस्कतला असते. जानेवारीत सुट्टीवर आली की दोन दिवस आमच्याकडे नाशिकला राहते आणि त्यातला एक दिवस देवळांचा. पहिल्या वर्षी मी तो दिवस पार वाया घालवला. सकाळी पंचवटी, मग आणखी तीन देवळं, आणि सिन्नरचं गोंदेश्वर, शंकराचं जुनं देऊळ, शेवटी, कारण ते लांब. सिन्नरला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. शिल्पं काळोखात गेलेली, फरशी बर्फासारखी. ती बिचारी दहा मिनिटांत गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून मी देवळांचा क्रम अंतर बघून लावत नाही, ऊन बघून लावते.

जानेवारीत आमच्याकडे पारा १० अंशांच्या खाली सहज जातो. निफाडकडे तर द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते. या दिवसांत सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेच्या बाजूनेच खालून खालून जातो. म्हणजे देवळाच्या दक्षिणेकडच्या भिंतीला दिवसभर ऊन, आणि उत्तरेच्या भिंतीला दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उन्हाचा कवडसाही नाही. एवढं एक डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं.

आदल्या रात्री पिशवी भरून ठेवा. दोन थर्मास, एकात आलं-गवती चहाचा चहा आणि दुसऱ्यात नुसतं गरम पाणी. प्रत्येकी एक जाड बस्कर, कारण थंड दगडावर बसलं की पाच मिनिटांत उठावंसं वाटतं आणि गोंदेश्वर उभ्या उभ्या बघायचं देऊळ नाही. छोटी बॅटरी. लोकरी मोज्यांचा कोरडा जोड. (मोजे घालून वर चढलं तर चालतं का, ते तिथल्या माणसाला आधी विचारा. आत मात्र मी अनवाणीच जाते.) नाडीचे बूट नकोत. दिवसातून सात-आठ वेळा काढायचे-घालायचे असतात, आणि गारठलेल्या बोटांनी नाड्या सुटत नाहीत. एका जाड कोटाऐवजी स्वेटर आणि वरून शाल घ्या. अकरानंतर शाल निघते, दुपारी स्वेटरही निघतो.

सव्वासातच्या आसपास उजाडतं. त्याच सुमाराला निघालं की ३० किलोमीटरवरच्या सिन्नरला आठ-सव्वाआठला पोचता. पुणे रस्त्यावर धुकं असेल तर घाई नको, धुक्यात ऊनही उशिराच पोचतं.

गोंदेश्वरला गेल्या गेल्या आत शिरू नका. आधी लांब उभं राहून सगळं देऊळ एकदा डोळ्यांत घ्या. मधे शंकराचं मोठं देऊळ, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं, समोर नंदी. हे पंचायतन. शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे मोठ्या शिखराच्या अंगावर छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकीवर एक चढत गेलेल्या. देवगिरीला जाण्याआधी यादवांची राजधानी सिन्नर होती आणि हे देऊळ त्यांच्याच काळातलं, अकराव्या-बाराव्या शतकातलं. पाहुण्याला इतिहास एवढाच सांगा. बाकीचं दगडाला सांगू द्या.

मग डावीकडून प्रदक्षिणा सुरू करा, की पहिलीच लागते दक्षिणेची भिंत. इथे बस्कर टाकून बसायचं आणि चहा काढायचा. सकाळचं ऊन या भिंतीवर समोरून पडत नाही, एका बाजूने घासत जातं. त्यामुळे काळ्या बेसाल्टवरची प्रत्येक रेघ वर येते. मागच्या वर्षी आम्ही एका नर्तकीसमोर बसलो होतो. आधी ती निव्वळ काळी आकृती दिसत होती. चहा संपेपर्यंत ऊन इंचभर पुढे सरकलं आणि तिच्या कमरेवरची मेखला मण्यामण्यांनी उजळली. मग पायातलं पैंजण, मग उचललेल्या टाचेखालची सावली. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे मघाशी नव्हतं गं!" तिथे तासभर तरी द्या. बाराला आलात तर ऊन थेट समोर येतं आणि तीच भिंत सपाट दिसते.

पश्चिमेची बाजू सकाळी सावलीत असते, ती चालता चालता बघा. उत्तरेला पिंडीवरचं पाणी बाहेर येतं, तिथे सोमसूत्र, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी पन्हळ, ओलांडायचं नाही. तिथून मागे फिरा, आलात त्याच वाटेने परत या आणि राहिलेला तुकडा पूर्वेकडून जाऊन बघा. पाय सर्वांत जास्त इथेच गारठतात. पाहुणीचे पाय थंडीला सरावलेले नसतील तर उत्तर बाजू पाच मिनिटांत उरका, मला त्यात काही गैर वाटत नाही.

मंडपात आत आलात की मात्र दोन मिनिटं काही न करता उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. खांबांवरची शिल्पं बॅटरीच्या उजेडात पाहायची तर बॅटरी खांबाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, समोरून नको. सकाळी उन्हाने केलं तेच इथे आपण करायचं.

सिन्नरमध्येच ऐश्वरेश्वराचं छोटं देऊळ आहे. शिखर आता उरलेलं नाही, पण आतलं मकरतोरण, म्हणजे मगरींच्या तोंडातून निघालेली कोरीव कमान, बघितल्याशिवाय परत फिरू नका. मग चुलीवरची मिसळ. भोगीच्या सुमाराला आलात तर घरी जेवा: बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, आणि हरभरा, वाल, गाजर, वांगं घातलेली भाजी. थंडीत हिंडून आल्यावर त्या भाकरीची चव काही वेगळीच लागते.

दुपारी तीननंतर काळाराम. सकाळी पंचवटीच्या गल्ल्या सावलीत असतात, म्हणून मी हे देऊळ मुद्दाम दुपारी ठेवते. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेलं, काळ्या दगडाचं, चारही बाजूंनी भिंत आणि आत ओवऱ्या. दर्शन झाल्यावर लगेच निघू नका, ओवरीत उन्हाकडे तोंड करून बसा. आणि या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि तो पुढे काही वर्षं चालला, हे पाहुण्याला तिथेच बसून सांगा. मी ते दरवेळी सांगते. ते न सांगता हे देऊळ दाखवलं तर अर्धंच दाखवलं असं मला वाटतं.

त्र्यंबकेश्वर याच दिवसात कोंबू नका. रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो, आणि सगळं ऊन रांगेत जातं. त्याला वेगळा दिवस ठेवा.

पाचच्या सुमाराला उतरून गोदाकाठी या. नारोशंकराची घंटा खालून बघा, नदीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती दाखवा. पुराचं पाणी त्याच्या कुठवर आलं यावर सगळं नाशिक पूर मोजतं, हे बाहेरच्या माणसाला फार आवडतं. सहा-सव्वासहाला सूर्य गेला की नदीवरून गार वारा सुटतो, म्हणून शाल आणि कोरडे मोजे त्याआधीच चढवा. आरती होईपर्यंत घाटाच्या पायरीवर बसायचं. मागच्या वर्षी मी बस्कर पुढे केलं तर मैत्रिणीने नको म्हटलं आणि माझा हात धरून पायरीवर ठेवला. दिवसभराच्या उन्हाने दगड अजून कोमट होता. थर्मासातलं उरलेलं गरम पाणी आम्ही तिथेच अर्धं अर्धं प्यायलो.