ड्रोन उडवताना या चुका टाळा : खालच्या माणसाला काय दिसतंय याचा विचार करा

ड्रोन उडवणाऱ्याच्या हातात स्क्रीन असते. कॅमेरा कुठे वळलाय, रेकॉर्डिंग चालू आहे की बंद, उंची किती, बॅटरी किती उरली, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. खाली तळ्याकाठी बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला आवाज ऐकू येतो आणि डोक्यावर एक काळा ठिपका दिसतो. तो ठिपका आपल्याकडे बघतोय की पलीकडच्या डोंगराकडे, बघणारा कोण, हे चित्रण पुढे कुठे जाणार, हे कळायला त्याला मार्गच नसतो. डोंगरात, समुद्रकिनारी, जंगलाच्या वाटेवर ड्रोनवरून जे खटके उडतात, त्यातले बरेचसे इथेच सुरू होतात. उडवणाऱ्याच्या मनात सहसा वाईट काही नसतं, पण त्याचं मन खालच्याला वाचता येत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ या एकाच गोष्टीत आहे.

‘एवढ्या उंचीवरून कुणाचा चेहरा दिसतो?’

हे उत्तर सर्रास ऐकू येतं आणि गणिताने पाहिलं तर ते अर्धं खरं आहे. बहुतेक हौशी ड्रोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स २४ मिलिमीटरच्या आसपासची, म्हणजे बरीच रुंद असते. १०० मीटरवरून सरळ खाली पाहिलं तर चौकटीत सुमारे १५० मीटर रुंदीची जमीन मावते. फोर-के चित्रात आडवे ३८४० पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे ठिपके असतात, म्हणजे एका पिक्सेलमध्ये जवळपास ४ सेंटिमीटर. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला जेमतेम चार पिक्सेल येतात. त्यावरून कुणाची ओळख पटत नाही.

पण हेच अंतर १० मीटरवर आलं की चेहऱ्याला चाळीसेक पिक्सेल मिळतात आणि ओळखीचा माणूस चटकन ओळखू येतो. सात पट झूमची लेन्स असेल तर १०० मीटर अंतरावरचा माणूस १४ मीटरवर असल्यासारखा दिसतो. तुमच्या ड्रोनला यातली कोणती लेन्स आहे, हे खालच्याला कसं कळावं? ‘काळजी करू नका, काही दिसत नाही’ हे वाक्य त्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला सांगतं, आणि तुम्ही तर त्याला पूर्ण अनोळखी.

यावरचा उपाय उडवण्याआधी करायचा असतो. आसपास बसलेल्यांकडे जा आणि सांगा : ‘आम्ही समोरच्या कड्याचं चित्रण करणार आहोत, दहा मिनिटांत आटपेल. तुम्हाला चालेल ना?’ काही जण नको म्हणतील. मग जागा बदला किंवा ते गेल्यावर उडवा. बहुतेक जण मात्र हो म्हणतात आणि त्यांची मुलं स्क्रीन बघायला धावत येतात. ज्याला आधी सांगितलंय त्याला तोच आवाज निम्मा बोचतो.

दुसरी गोष्ट, एका जागी थांबून राहू नका. वरून जाणारं ड्रोन माणूस विसरतो. डोक्यावर ठाण मांडून बसलेल्या ड्रोनमुळे मात्र तो अस्वस्थ होतो, मग कॅमेरा भलतीकडे का वळलेला असेना. चौकट ठरवायला थांबायचंच असेल तर माणसांपासून बाजूला, झाडीवर किंवा पाण्यावर थांबा. तंबू, आंघोळीची जागा, कपडे बदलायचा आडोसा यांच्या वरून तर जाऊच नका. तिथे कॅमेरा बंद होता हे स्पष्टीकरण कुणी ऐकून घेणार नाही, आणि का घ्यावं?

आवाजाला कमी लेखणं

आवाज फार मोठा नसतो, मग लोक एवढे का वैतागतात, असा प्रश्न ड्रोनवाल्यांना पडतो. नासाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोकांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकवले. पातळी सारखी असूनही ऐकणाऱ्यांना ड्रोनचा आवाज जास्त त्रासदायक वाटला. तो चिरका असतो आणि वाऱ्याशी झगडताना सतत चढउतार करतो, त्यामुळे मन त्याला मागे ढकलू शकत नाही, असं मला वाटतं. शांतता ऐकायला म्हणूनच जे लोक तासन् तास चालत आलेत, त्यांच्यासाठी तर हे फारच.

इथे अंतर कामी येतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, दहापट केलं की २० डेसिबलने. तरीही सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे शिखरावर किंवा सूर्यास्ताच्या जागेवर, लोकांच्या घोळक्यातूनच ड्रोन उडवणं. शंभर पावलं बाजूला जा. तिथून उडवा आणि तिथेच उतरवा. पात्यांच्या कडा अधूनमधून बोटाने तपासा. खाचा पडलेलं पातं जास्त आवाज करतं आणि थरथरीने चित्रही बिघडवतं, म्हणून ते बदललेलं बरं. पहाटे तंबू झोपेत असताना उडवायचा मोह मोठा असतो, कारण उजेड सुंदर असतो. आदल्या रात्री सगळ्यांना विचारलं नसेल तर तो मोह आवरा.

एक जागा अशी आहे जिथे आवाज थेट जिवावर बेतू शकतो. कड्यावर चढणारा आणि खालून त्याचा दोर सांभाळणारा साथीदार बऱ्याचदा एकमेकांना दिसत नाहीत. ‘दोर सैल सोड’, ‘घट्ट धर’, ‘मी सुरक्षित आहे’ हे सगळं ओरडून चालतं. त्यांच्यामध्ये ड्रोन आलं की एखादा शब्द बुडतो किंवा उलटा ऐकू येतो. चढणाऱ्यांचं चित्रण त्यांच्याशी आधी ठरवल्याशिवाय करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घोड्यावरून जाणाऱ्यांपासूनही लांब राहा. बिथरलेला घोडा स्वाराला खाली टाकतो.

प्राणी पळाला नाही म्हणजे घाबरला नाही, असं समजणं

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बसवून एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रोन जवळ आल्यावर बरीचशी अस्वलं जागची हललीसुद्धा नव्हती, पण ठोके वाढले होते. एका अस्वलाचे तर मिनिटाला १२३ ने वाढले. म्हणजे डोळ्यांना दिसणारी शांतता फसवी निघाली. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका राखीव क्षेत्रात एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळलं. घाबरलेला थवा उडून गेला आणि हजाराहून जास्त अंडी मागे राहिली. ती उबवायला कुणी परतलं नाही. विणीच्या हंगामात घरट्यांच्या जागी ड्रोन नेऊ नका. पक्षी ड्रोनवर झेपावू लागले तर चित्रण सोडून द्या आणि ड्रोन दूर नेऊन उतरवा.

ड्रोन हवं तिथे का उतरत नाही?

‘ते आपोआपच इकडे आलं’ असं म्हणणारे खरंच बोलत असतात. सिग्नल तुटला किंवा बॅटरी खालावली की ड्रोन ‘रिटर्न टू होम’ सुरू करतं आणि ज्या जागेची नोंद होम पॉइंट म्हणून झाली आहे तिथे परततं. तुम्ही उडवून चालत पुढे गेला असाल, तर ते तुमच्याकडे येत नाही, सुरुवातीच्या जागी जातं. मघाशी रिकामी असलेली ती जागा आता कुणाच्या सतरंजीखाली असू शकते. जागा बदलली की होम पॉइंटही बदला. परतीची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर परतणारं ड्रोन फांद्यांत अडकून खालच्या माणसांवर पडेल.

वाऱ्याचंही असंच. जाताना वारा पाठीशी असला की ड्रोन झपाट्याने लांब जातं आणि येताना त्याच वाऱ्याशी झुंजत बॅटरी संपवतं. मग ते मिळेल तिथे, बहुतेकदा कुणाच्या तरी अंगणात उतरतं. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. पाठलाग करणारा मोड वापरत असाल तर रिमोटवरून नजर हटवू नका. झाडाआड गेल्यावर ड्रोन तुमच्याऐवजी तशाच कपड्यांतल्या दुसऱ्याच वाटसरूला धरू शकतं.

२५० ग्रॅमचं आहे, मग नियम कशाला?

हलक्या ड्रोनला काही देशांत नोंदणीतून सूट आहे, एवढंच. युरोपीय संघात कॅमेरा असलेलं ड्रोन, ते खेळण्याच्या वर्गातलं नसेल तर, २५० ग्रॅमच्या आतलं असलं तरी उडवणाऱ्याला नोंदणी करावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवायला मनाई आहे, तिथे वजनाला सूट नाही. उंचीची मर्यादा अनेक देशांत १२० मीटर आहे. आणि बचावाचं हेलिकॉप्टर किंवा आग विझवणारं विमान दिसलं की ड्रोन तत्काळ खाली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात पाणी टाकणाऱ्या विमानाला एक ड्रोन धडकलं. पंखाला भोक पडलं आणि ते विमान काही दिवस जमिनीवर राहिलं.

चित्रण घरी आल्यावर

फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश असतात, व्हिडिओसोबतच्या उपशीर्षकांच्या फाइलमध्येही असू शकतात. आडवाटेवरचा कुणाचा तळ किंवा दुर्मीळ पक्ष्याचं घरटं त्यातून जगजाहीर होतं, म्हणून चित्रण इंटरनेटवर टाकण्याआधी ते काढा. ओळखू येणारे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक धूसर करा. कुणी ‘आमचा भाग काढा’ म्हटलं तर वाद न घालता काढा.

जमिनीवर असलेल्यांसाठी

दगड मारू नका. पाती भन्नाट वेगाने फिरतात, तुटलेला तुकडा कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो आणि फुटलेली लिथियम बॅटरी सुक्या गवतात आग लावते. ड्रोन हवेत असताना उडवणाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ नका. त्याचं लक्ष उडालं तर ड्रोन तुमच्याच डोक्यावर येईल. थोडं लांबून हात वर करा, ते उतरू द्या, मग विचारा : ‘काय टिपलंत, बघू का?’ बरेच जण आनंदाने दाखवतात.

उडवणारा दिसतच नसेल तर वेळ, जागा आणि ड्रोन कोणत्या दिशेने परतलं ते टिपून ठेवा. अमेरिका आणि युरोपात आता अनेक ड्रोन स्वतःचा क्रमांक आणि ठिकाण प्रसारित करतात, ते मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. तंबूवर किंवा खिडकीपाशी पुन्हा पुन्हा येत असेल तर ही टिपणं घेऊन त्या जागेच्या व्यवस्थापकांकडे आणि गरज पडली तर पोलिसांकडे जा.