इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या स्क्रुटिनी कमिटीला प्रश्न कसा विचारायचा: सोशल केअर आणि कम्युनिटी सेफ्टी

आईच्या केअर असेसमेंटसाठी फोन करून महिने उलटले तरी सोशल वर्करचा पत्ता नाही, किंवा घराखाली रोज रात्री तीच टोळकी धिंगाणा घालतायत आणि काउन्सिलला ईमेल केला की 'आम्ही लक्ष घालतोय' एवढंच उत्तर येतं. मग आपल्याकडचे बहुतेक लोक एकतर एमपीला लिहितात नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चिडचिड करून गप्प बसतात. मधली एक जागा आहे जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही, ती म्हणजे काउन्सिलची स्क्रुटिनी कमिटी. हे सगळं इंग्लंडपुरतं लिहितोय बरं का, स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत.

आधी ही कमिटी काय करू शकते आणि काय नाही ते बघू, कारण चुकीची अपेक्षा घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. २००० सालच्या लोकल गव्हर्नमेंट कायद्यानंतर बहुतेक काउन्सिलमध्ये कॅबिनेट (लीडर आणि मोजके काउन्सिलर) निर्णय घेतं आणि कॅबिनेटबाहेरचे काउन्सिलर स्क्रुटिनी कमिटीत बसून त्या निर्णयांची झाडाझडती घेतात. कमिटीला हुकूम द्यायचा अधिकार नाही. ती कॅबिनेट मेंबरला आणि अधिकाऱ्यांना समोर बसवून सगळ्यांदेखत विचारू शकते, कागद मागू शकते आणि शिफारस करू शकते, आणि त्या शिफारशीवर लेखी मागणी केली तर दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. तुमच्या आईची केस ती सोडवणार नाही. पण तुमच्या आईसारखे किती जण रांगेत आहेत आणि ती रांग का हलत नाही हे ती जाहीरपणे विचारू शकते, आणि खरं सांगायचं तर अधिकाऱ्यांना घाम त्याच प्रश्नाने फुटतो.

काही काउन्सिल कॅबिनेटऐवजी कमिटी सिस्टिमवर चालतात, शेफील्ड २०२२ मध्ये आणि ब्रिस्टल २०२४ मध्ये तिकडे वळलं. तिथे निर्णयच विषयवार कमिटीत होतात, त्यामुळे प्रश्न थेट त्या कमिटीला विचारायचा.

आता कुठल्या काउन्सिलला विचारायचं? लंडन बरो, मेट्रोपॉलिटन किंवा युनिटरी काउन्सिलमध्ये राहत असाल तर दोन्ही विषय एकाच छताखाली. पण जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन थर आहेत तिथे अ‍ॅडल्ट सोशल केअर काउंटीकडे असतं आणि कम्युनिटी सेफ्टीचं रोजचं काम बरंचसं डिस्ट्रिक्टकडे. कचऱ्याचे डबे उचलणारं डिस्ट्रिक्ट, सोशल वर्करवालं काउंटी असं लक्षात ठेवलं तरी पुरतं. गव्हर्नमेंटच्या साइटवर पोस्टकोड टाकला की दोघांची नावं येतात.

कम्युनिटी सेफ्टीचा कायदा जरा वेगळा आणि आपल्या सोयीचा आहे. १९९८ च्या क्राइम अँड डिसऑर्डर कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी काउन्सिल, पोलीस, फायर सर्व्हिस, प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर देखरेख ठेवणारी सेवा) आणि एनएचएस यांना एकत्र बसून काम करायला लावलं, त्यालाच कम्युनिटी सेफ्टी पार्टनरशिप म्हणतात. नंतर २००६ च्या पोलीस अँड जस्टिस कायद्याच्या कलम १९ ने प्रत्येक काउन्सिलला सांगितलं की या पार्टनरशिपची तपासणी करणारी एक कमिटी हवीच, आणि २००९ च्या नियमांप्रमाणे ती तपासणी बारा महिन्यांत निदान एकदा झालीच पाहिजे. कमिटीने वेळेवर कळवलं तर या संस्थांच्या अधिकाऱ्यांना यावं लागतं, आणि शिफारशीला शक्यतो २८ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. म्हणजे वर्षातून एक संध्याकाळ अशी असते की लोकल पोलीस अधिकारी तुमच्या काउन्सिलरांसमोर बसलेला असतो. ती तारीख शोधून ठेवा. फक्त एक फरक लक्षात घ्या, 'माझ्या तक्रारीवर त्या पोलिसाने काही केलं नाही' हा प्रश्न इथला नाही, तो पोलिसांच्या तक्रार विभागाचा. इथे विचारायचं ते सगळ्यांनी मिळून काय केलं ते.

तारीख शोधायची कशी? काउन्सिलच्या साइटवर 'कमिटीज अँड मीटिंग्ज' नावाचं पान असतं, बऱ्याच ठिकाणी ते वेगळ्याच जुनाट दिसणाऱ्या साइटवर उघडतं, घाबरू नका, तीच साइट. कमिटीचं नाव मात्र दर काउन्सिलचं वेगळं, कुठे 'अ‍ॅडल्ट्स अँड हेल्थ', कुठे 'पीपल', कुठे 'सेफर कम्युनिटीज', त्यामुळे नावावर न जाता जुने अजेंडे उघडून बघा. अजेंडा आणि रिपोर्ट मीटिंगच्या आधी पाच पूर्ण कामाचे दिवस लोकांसाठी खुले करावे लागतात, आणि त्यात टाकल्याचा दिवस आणि मीटिंगचा दिवस धरत नाहीत. गंमत अशी की लोकांचे प्रश्न पाठवायची मुदत कधीकधी त्याच सुमारास संपते, म्हणजे रिपोर्ट वाचून मग प्रश्न लिहू म्हणाल तर उशीर. यावर उपाय म्हणजे 'वर्क प्रोग्राम' नावाचा कागद. पुढच्या काही महिन्यांत कोणत्या मीटिंगला कोणता विषय आहे ते त्यात लिहिलेलं असतं. प्रश्नाची मुदत, शब्दांची मर्यादा, बोलायला किती मिनिटं हे सगळं काउन्सिलच्या कॉन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे त्यांच्या नियमावलीत असतं आणि प्रत्येकाचं वेगळं असतं, तेव्हा डेमोक्रॅटिक सर्व्हिसेसला (मीटिंगचं काम बघणारा काउन्सिलचा विभाग) सरळ ईमेल करून विचारा. ही मंडळी सहसा मदत करतात, भांडण त्यांच्याशी नाहीये.

रिपोर्ट वाचणं हे खरं काम. शंभर पानांचं पीडीएफ बघून धीर सोडू नका, वर्णनाची पानं ओलांडून थेट आकड्यांवर जा. सोशल केअरमध्ये मी आधी शोधीन तो आकडा म्हणजे असेसमेंटसाठी किती लोक थांबलेत आणि सगळ्यात जास्त थांबलेला माणूस किती दिवस थांबलाय. सरासरी छान दिसते, पण सरासरीत तो एक वर्षभर ताटकळलेला म्हातारा माणूस गायब होतो. मग रिव्ह्यू. केअर अ‍ॅक्ट २०१४ च्या गाइडन्सप्रमाणे केअर प्लॅनचा रिव्ह्यू साधारण बारा महिन्यांत व्हायला हवा, तो किती जणांचा राहिलाय? घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्यालाही त्याच कायद्याच्या कलम १० खाली स्वतःचं असेसमेंट मिळतं. आपल्याकडे सुना-मुली वर्षानुवर्षं हे करत असतात आणि त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, तेव्हा किती केअररांना ते मिळालं आणि त्यात कुठल्या समाजाचे किती, हा प्रश्न जरूर विचारा.

सेफगार्डिंगचे, म्हणजे कमजोर माणसांना अत्याचारापासून वाचवण्याच्या कामाचे आकडे जरा जपून वाचा. कुणीतरी काळजी वाटून कळवलं तो एक आकडा, आणि त्यातून त्याच केअर कायद्याच्या कलम ४२ खाली चौकशी किती झाली तो दुसरा. दोन्हींमध्ये खूप अंतर असेल तर ते लगेच वाईट असं नाही, पण गेल्या वर्षीपेक्षा किंवा शेजारच्या काउन्सिलपेक्षा अचानक बदललं असेल तर कारण विचारायलाच हवं. हिरवा-पिवळा-लाल असं रंगवलेलं टेबल असेल तर टार्गेट यंदा खाली आणलंय का ते बघा, लालचा हिरवा करायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग. नुसती टक्केवारी दिली असेल तर किती जणांपैकी ते विचारा. आणि सीक्यूसीने (केअर क्वालिटी कमिशन, केअर सेवा तपासणारी संस्था) २०२३ पासून काउन्सिलच्या अ‍ॅडल्ट सोशल केअरचीही तपासणी सुरू केलीय, तुमच्या काउन्सिलचा रिपोर्ट आला असेल तर त्यात दाखवलेल्या त्रुटी आणि काउन्सिलचा सुधारणेचा प्लॅन शेजारी शेजारी ठेवून वाचा, प्रश्न आपोआप सुचतात.

कम्युनिटी सेफ्टीत उलटा घोळ असतो. तक्रारी कमी झाल्या म्हणजे त्रास कमी झाला असं रिपोर्ट म्हणतो, पण १०१ वर (तातडी नसेल तेव्हाचा पोलिसांचा नंबर) ताटकळून लोकांनी फोन करणंच सोडलं असेल तरी आकडा तसाच खाली येतो. पोलिसांच्या साइटवरचा क्राइम मॅप बघायला बरा, पण त्यावरचे ठिपके अंदाजे जागेवर असतात, त्यामुळे 'आमच्या दारात इतके गुन्हे' असं त्यावरून म्हणू नका, लगेच खोडून काढतील. त्यापेक्षा एएसबी (अँटी-सोशल बिहेवियर, म्हणजे आजूबाजूच्यांना त्रास देणारं वागणं) केस रिव्ह्यूचे आकडे विचारा, जुनं नाव कम्युनिटी ट्रिगर. २०१४ च्याच एएसबीवरच्या वेगळ्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत तीन तक्रारी करूनही काही झालं नाही तर तुम्ही हा रिव्ह्यू मागू शकता, आणि किती जणांनी मागितला, किती नाकारले, किती झाले हे दरवर्षी जाहीर करावं लागतं. आख्ख्या बरोत वर्षभरात दोन-तीनच अर्ज असतील तर लोकांना हे माहीतच नाहीये हे उघड आहे, आणि मग प्रश्न तयार.

पण सगळ्यात दमदार प्रश्न दोन्ही विषयांच्या सांध्यावर सापडतात. एकट्या राहणाऱ्या, मनाने किंवा शरीराने कमजोर माणसाच्या फ्लॅटमध्ये ड्रग्जवाले घुसतात आणि तिथूनच धंदा करतात, याला ककूइंग म्हणतात. शेजाऱ्यांना ते दिसतं एएसबी म्हणून, पोलिसांना ड्रग्ज म्हणून, हाउसिंगला भाडेकराराचा भंग म्हणून, आणि त्या माणसावर होणारा अत्याचार कुणाच्याच फॉर्ममध्ये बसत नाही. घरभर सामान साठवून ठेवणारे, ज्यांच्या घराला आग लागायचा धोका असतो, त्यांचंही तेच. फायरवाले म्हणतात सोशल केअर, सोशल केअर म्हणतं त्यांना मदत नकोय. अशात कुणी दगावलं आणि संस्थांनी नीट एकत्र काम केलं नाही अशी शंका असेल तर सेफगार्डिंग अ‍ॅडल्ट्स बोर्डाला (अशा लोकांच्या संरक्षणासाठी काउन्सिल, पोलीस आणि एनएचएस यांचं मिळून असलेलं मंडळ) केअर कायद्याच्या कलम ४४ खाली रिव्ह्यू करावा लागतो. हे रिव्ह्यू बोर्डाच्या साइटवर बहुतेक वेळा सापडतात. एखादा घ्या, त्याच्या शेवटी असलेल्या शिफारशी वाचा आणि कमिटीला विचारा की यातलं काय झालं, कधी झालं, कुणी तपासलं. बोर्डाचा वार्षिक रिपोर्ट काढणं कायद्याने सक्तीचं आहे, तो स्क्रुटिनीसमोर येतो तेव्हा नेम धरायचा.

प्रश्न लिहायचा कसा ते एका उदाहरणाने सांगतो. 'सोशल केअरची अवस्था इतकी वाईट का आहे आणि माझ्या सासऱ्यांना अजून केअर का नाही?' असं लिहिलंत तर वैयक्तिक केसवर बोलता येत नाही म्हणून तो बाद होईल. त्याऐवजी असं: '३१ मार्चला पहिल्या असेसमेंटसाठी किती लोक थांबले होते, त्यातले सहा महिन्यांपेक्षा जास्त किती, आणि ही संख्या कधीपर्यंत कितीवर आणायचं कॅबिनेट मेंबरने ठरवलंय?' आकडा, मुदत आणि जबाबदार माणूस, तिन्ही आले. एका प्रश्नात पाच प्रश्न कोंबू नका, सोपा असेल त्याचं उत्तर देऊन बाकीचे सोडून देतात. कुणाचं नाव, पत्ता, आजार लिहू नका. तुमचं स्वतःचं नाव मात्र प्रश्नासोबत साइटवर छापलं जाऊ शकतं आणि मीटिंग बहुतेक वेळा ऑनलाइन दिसते, हे घरी बोलून घ्या. बऱ्याच काउन्सिलमध्ये जागच्या जागी एक पुरवणी प्रश्न विचारू देतात, तो आधीच तयार ठेवा कारण पहिलं उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून आणलेलं असतं, पुरवणीचं नसतं. इंग्रजी अडखळतं म्हणून मागे हटू नका, लिहिलेलं वाचून दाखवलं तरी चालतं. आणि काउन्सिलच्या मीटिंगबद्दलच्या २०१४ च्या नियमांमुळे खुल्या मीटिंगचं रेकॉर्डिंग करायची मुभा आहे.

प्रश्नासोबत आणखी एक काम करा, कमिटीच्या चेअरला आणि आपल्या वॉर्डच्या काउन्सिलरला लिहून तो विषय वर्क प्रोग्राममध्ये घालायला सांगा. मे महिन्याच्या निवडणुकीनंतर नवं वर्ष सुरू होताना हे सोपं जातं. निवडणुकीच्या आधीचे काही आठवडे मात्र फारसं काही होत नाही. आणि हो, कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथल्या लोकल निवडणुकीत मत देता येतं, आयडी म्हणून भारतीय पासपोर्टही चालतो. नाव नोंदवलं नसेल तर आधी ते करा, काउन्सिलरला पत्र मतदाराकडून आलंय की नाही याने फरक पडतो.

कमिट्या झोपा काढतात असं कुणी म्हणालं तर ते अगदीच खोटं नाही. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटचे हाल झाले त्यावरच्या २०१३ च्या फ्रान्सिस रिपोर्टमध्ये तिथल्या स्क्रुटिनी कमिट्यांवरही कडक टीका होती. म्हणून मीटिंग झाल्यावर मिनिट्स वाचा. 'कमिटीने रिपोर्ट नोट केला' एवढंच असेल तर काहीच झालं नाही असं समजा. शिफारस झाली असेल तर तारीख लिहून ठेवा आणि उत्तर आलं का ते अ‍ॅक्शन ट्रॅकरमध्ये (शिफारशींचं पुढे काय झालं त्याची यादी) बघा. आकडा द्यायलाच टाळाटाळ केली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, वीस कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं.

हे सगळं चालू असताना स्वतःची केस थांबवू नका, ती वेगळ्या रुळावर चालवायची. कुणावर अत्याचार होतोय अशी शंका असेल तर आजच काउन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला कळवा, जीवाला धोका असेल तर ९९९. सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी काउन्सिलची कम्प्लेंट प्रोसेस, तिथे समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र संस्था), आणि हे साधारणपणे त्रास कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. मीटिंगमध्ये 'आम्ही लेखी उत्तर पाठवू' असं म्हणाले तर तिथेच उभं राहून सांगा की ते उत्तर पुढच्या मीटिंगच्या कागदांना जोडा, म्हणजे ते फक्त तुमच्या इनबॉक्समध्ये न राहता सगळ्यांना वाचता येईल.