फेमाचं निवारा अनुदान: हिशेबात या चुका टाळा

अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर सरकारी कोठडीतून सुटलेल्या स्थलांतरितांना आसरा देणाऱ्या संस्था आणि शहरांसाठी फेमाचा (आपत्ती व्यवस्थापन बघणारी तिथली केंद्रीय संस्था) ‘शेल्टर अँड सर्व्हिसेस प्रोग्रॅम’ हा अनुदानाचा कार्यक्रम होता. तो २०२३ मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये त्यात सुमारे ६४ कोटी डॉलर होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये सरकारने तो गुंडाळला. हिशेब मात्र मागे उरलाच. अंतिम अहवाल सादर केल्यापासून तीन वर्षं कागद जपावे लागतात, आणि मधेच लेखापरीक्षण किंवा कोर्टकज्जा सुरू झाला तर तो मिटेपर्यंत. अशा संस्थेचं खजिनदारपद ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. राज्याचं किंवा शहराचं अनुदान घेणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सगळ्यात महाग पडणारी चूक दारातच होते. संध्याकाळी बस येते, त्यातून चाळीस-पन्नास माणसं उतरतात. बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या, कडेवर झोपलेलं मूल, हातात कागदांचं एक पाकीट. कोणीही भला स्वयंसेवक आधी सूप देईल, मोबाइल चार्जिंगला लावून देईल. नोंदणी सकाळी करू म्हणतात, आणि सकाळी निम्मी माणसं नातेवाइकांकडे जायला बसस्टँडवर पोचलेली असतात. बहुतेक पाहुणे तीन दिवसांच्या आत पुढे जातात. मग जेवणाचं बिल असतं, हॉटेलचं बिल असतं, पण ते कोणासाठी याचा कागद नसतो. तो नंतर बनवायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं, आणि अंदाजाने बनवला तर सरळ सरळ खोटेपणा.

ही भीती हवेतली नाही. या कार्यक्रमाच्या आधी फेमाचाच असा एक निधी होता, २०२१ मध्ये त्यासाठी ११ कोटी डॉलर मंजूर झाले होते. फेमा ज्याच्या अखत्यारीत येते त्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षकांनी त्यातला १ कोटी २९ लाखांचा खर्च तपासला आणि मार्च २०२३ च्या अहवालात ७४ लाखांवर बोट ठेवलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. कुठे पावत्या नव्हत्या, कुठे सेवा घेतलेल्या माणसांची धड नोंद नव्हती.

म्हणून सूप देताना शेजारी एक माणूस फक्त नोंदीला बसवा. त्याने प्रत्येकाचा ए-नंबर, म्हणजे सरकारने त्या स्थलांतरिताला दिलेला ओळख क्रमांक, लिहायचा. ‘नोटीस टू अपिअर’ या इमिग्रेशन कोर्टात हजर राहण्याच्या नोटिशीवर तो वर उजव्या कोपऱ्यात असतो. कुटुंबासाठी एकच नंबर लिहून मोकळं होऊ नका, तान्ह्या बाळालाही स्वतःचा नंबर असतो. सुटकेची तारीख वेगळ्या रकान्यात घ्या. लोक नोटिशीवरची तारीखच उतरवतात, पण कागद बनला तो दिवस आणि माणूस सुटला तो दिवस एकच असेल असं नाही. या योजनेत सुटकेपासून ४५ दिवसांपर्यंतचाच खर्च चालायचा, त्यामुळे तारखेत दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी शेवटची रात्र नामंजूर होऊ शकते. तारखांचा क्रमही बघा. अमेरिकन कागदावर महिना आधी येतो आणि आपला स्वयंसेवक सवयीने दिवस आधी लिहितो.

नावांचा घोळ वेगळाच. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला दोन आडनावं असतात. हॉटेलच्या यादीत एक येतं, आपल्या वहीत दुसरं. पासपोर्टवर एकच नाव असलेला भारतीय माणूस ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, पहिलं नाव माहीत नाही) म्हणून नोंदला जातो, आणि यादीत असे चार ‘एफएनयू’ झाले की ताळमेळ संपला. जुळणी नावावर करूच नका, ए-नंबरवर करा.

हॉटेलच्या बिलात खोल्यांची संख्या असते, माणसं नसतात. रोज रात्रीची खोलीनिहाय यादी त्याच आठवड्यात बिलाला जोडा. हॉटेलशी ठरावीक खोल्या राखून ठेवायचा करार असेल तर रिकाम्या खोल्यांचं भाडं कोण भरणार, हे सही करण्याआधी अनुदान अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. फोनवरचं ‘चालेल’ लेखापरीक्षणात चालत नाही.

पगाराच्या बाबतीत नेहमीची चलाखी म्हणजे अंदाजपत्रकात एखाद्याचा ४० टक्के वेळ दाखवला, म्हणून दर महिन्याला डोळे मिटून ४० टक्के लावणं. केंद्रीय नियमांना प्रत्यक्ष कामाची नोंद लागते, नुसता अंदाज पुरत नाही. आणि एकच जेवण शहराच्या अनुदानात आणि फेमाच्या अनुदानातही दाखवू नका. हे बहुतेकदा लबाडीने नाही, दोन कारकून दोन वेगळ्या एक्सेल फायली सांभाळतात म्हणून होतं.

वर्षभरात केंद्र सरकारच्या निधीतून केलेला एकूण खर्च १० लाख डॉलर किंवा जास्त झाला तर ‘सिंगल ऑडिट’, म्हणजे त्या सगळ्या निधीचं एकत्र लेखापरीक्षण, लागतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी सुरू झालेल्या आर्थिक वर्षांना साडेसात लाखांची जुनी मर्यादाच लागू आहे. जुन्या वर्षाला नवा आकडा लावून हात झटकू नका.

खात्यात आले म्हणजे पैसे आपले झाले, हा समजही सोडा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या बँक खात्यातून फेमाचे सुमारे ८ कोटी डॉलर परत ओढले गेले आणि शहराला कोर्टात जावं लागलं. तिथला वाद राजकीय होता, नुसत्या पावत्यांचा नाही. पण कागद नसलेल्या छोट्या संस्थेला भांडायलाही जागा उरत नाही.

आता उलट बाजूची चूक. मार्च २०२५ मध्ये फेमाने संस्थांना पत्रं पाठवून सेवा घेतलेल्या लोकांची नावं आणि संपर्काची माहिती ३० दिवसांत मागितली. मदत घ्यायला आलेल्यांची यादी अशी मागवणं मला पटत नाही. तरी घाबरून फायली फाडणं हा उपाय नव्हे, त्याने संस्थाच गोत्यात येते. अनुदानाला लागते तेवढीच माहिती एका यादीत ठेवा आणि ती यादी मोजक्याच लोकांच्या हाती असू द्या. पाहुण्याने रात्री गप्पांत सांगितलेली प्रवासाची हकिगत, नातेवाइकाचं घर, वाटेतल्या दलालाचं नाव, हे त्या फायलीत लिहायचंच नाही. अनुदानाला त्याची गरज नसते. आणि असं पत्र आलंच, तर उत्तर खजिनदाराने एकट्याने लिहू नये. आधी वकील, मग संचालक मंडळ, मग सही.